वेळ कुठे गेला, ते आधी लिहून ठेवा

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'ध्येय आणि वेळेचं नियोजन'. नियोजनावर बोलायची माझी लायकी नाही, हे मी त्यांना फोनवरच सांगितलं. मी आजवर किमान वीस वेळापत्रकं बनवली असतील. दहावीला बनवलं, बारावीला बनवलं, इंजिनिअरिंगच्या प्रत्येक सेमिस्टरला बनवलं. स्केचपेननं चौकटी आखून भिंतीवर चिकटवायचो. पहाटे पाच ते सात गणित, सात ते साडेसात नाश्ता. त्यातलं एकही चौथ्या दिवसापर्यंत टिकलं नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या भिंतीवर असं वेळापत्रक आहे? हात वर करा. बघा, मी एकटा नाही.

म्हणून आज मी नियोजनाच्या आधीच्या गोष्टीवर बोलणार आहे. ती म्हणजे हिशेब. उद्याचा वेळ कसा घालवायचा हे ठरवण्याआधी कालचा वेळ कुठे गेला, हे माहीत पाहिजे.

मी मिरजेचा. अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, नंतर इंजिनिअरिंग केलं आणि पुण्याला नोकरीला लागलो. शाळेत असताना सुट्टीत दुकानात बसायचो, गिऱ्हाइकाचं माप अब्बा सांगायचे आणि मी वहीत लिहायचो. तेव्हा एक गंमत बघितली. फीत कमरेला लावली की बहुतेक गिऱ्हाइकं पोट आत ओढून घेतात. अब्बा हसून म्हणायचे, "साहेब, सैल सोडा. पँट घालून दिवसभर बसायचंय तुम्हाला." ज्यानं पोट आत घेऊन माप दिलं, त्याची पँट हमखास परत यायची.

आपली वेळापत्रकं का टिकत नाहीत, याचं उत्तर मला या आठवणीत सापडलं. ती सगळी पोट आत घेऊन दिलेली मापं असतात.

पुण्यात माझी पहिली नोकरी टेस्टिंगची होती. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम तपासायचा आणि चुका कळवायच्या. काम वाईट नव्हतं, पण मला स्वतः प्रोग्रॅम लिहायचे होते. त्यासाठी डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम हे सगळं पुन्हा पक्कं करावं लागणार होतं, कारण मुलाखतीत तेच विचारतात. कॉलेजात ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मी ठरवलं की रोज दोन तास अभ्यास करायचा आणि वर्षभरात नोकरी बदलायची.

वर्ष गेलं, दुसरंही गेलं. एका कंपनीत मुलाखतीला गेलो. समोरच्यानं एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारला आणि मी फळ्यासमोर मार्कर धरून नुसता उभा राहिलो. तो शांतपणे म्हणाला, "तयारीला वेळ मिळाला नाही का?" मी म्हणालो, "रोज दोन तास करतोय, सर." त्यानं पुढे काही विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये मात्र मी स्वतःला विचारत होतो, मी खोटं बोललो का? मला तरी ते खरंच वाटत होतं. रोज दोन तास, दोन वर्षं, म्हणजे चौदाशे तासांच्या वर. एवढे तास बसलेला माणूस त्या प्रश्नाला अडकत नाही.

आमच्या धंद्यात यावर एक उपाय आहे. प्रोग्रॅम हळू चालत असेल, तर कुठे वेळ जातोय याचा अंदाज करत बसायचं नाही, मोजायचं. त्यासाठी प्रोफायलर नावाचं साधन असतं. प्रोग्रॅमच्या कोणत्या भागात किती वेळ गेला, हे ते दाखवतं. डोनाल्ड नुथ या मोठ्या संगणकशास्त्रज्ञानं १९७१ साली फोरट्रान भाषेतले बरेच प्रोग्रॅम असे मोजून बघितले. निम्म्याहून जास्त वेळ प्रोग्रॅमच्या चार टक्क्यांपेक्षाही कमी भागात जात होता. तो चार टक्के भाग सापडला नाही, तर बाकी शहाण्णव टक्क्यांवर घाम गाळून काही उपयोग नाही. मी हे ऑफिसात रोज करत होतो. स्वतःच्या दिवसाला मात्र कधी प्रोफायलर लावला नव्हता.

म्हणून मी एक साधी दोनशे पानी वही घेतली. रकान्यांची कल्पना माझी नाही. वॉट्स हम्फ्री हे आयबीएममध्ये अनेक वर्षं काम करून पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेत गेले. प्रोग्रॅमरनं स्वतःच्या कामाची शिस्त कशी लावावी, यावर त्यांचं १९९५चं पुस्तक आहे. त्यातली वेळेची नोंद अगदी सोपी आहे. तारीख, कधी सुरू केलं, कधी थांबवलं, मध्ये किती वेळ व्यत्यय आला, निव्वळ वेळ किती आणि काम कोणतं. व्यत्ययाचा रकाना महत्त्वाचा आहे. सात ते नऊ पुस्तक उघडं होतं म्हणजे दोन तास अभ्यास झाला, असं होत नाही. त्यात चाळीस मिनिटं फोनवर गेली असतील, तर ती वजा.

मी स्वतःला एकच अट घातली. पहिले सात दिवस काहीही सुधारायचं नाही, जसं चाललंय तसं चालू द्यायचं आणि फक्त लिहायचं. पोट सैल सोडून माप द्यायचं.

सातव्या दिवशी बेरीज केली. आठवड्याचे तास १६८. झोप ४६. ऑफिस ४७. मी कोंढव्याला राहायचो आणि ऑफिस हिंजवडीला. ज्यांना पुणे माहीत आहे ते समजून गेले असतील. जाऊन-येऊन रोज तीन तास, म्हणजे आठवड्याचे १५. आंघोळ, जेवण, नमाज, कपडे धुणं यात १७. मित्र, बाजार, घरी फोन यात १५. मोबाइलवर आणखी १७. आणि अभ्यास? ४ तास २० मिनिटं. रोज नाही, पूर्ण आठवड्यात. उरलेल्या ६ तास ४० मिनिटांचा हिशेबच लागला नाही.

चौदा तासांच्या जागी सव्वाचार. म्हणजे मी मुलाखतीत खोटं बोललो होतो, फक्त मला ते माहीत नव्हतं. रात्री पुस्तक उघडून बसलो की माझ्या डोक्यात 'दोन तास' अशी नोंद व्हायची. डोकं हे फार प्रेमळ मुनीम आहे, मालकाला दुखवत नाही. वही दुखवते.

एक गोष्ट मी कबूल करतो. आकडे बघून मला आधी वाईट वाटलं, आणि थोड्या वेळानं हलकं वाटलं. दोन वर्षं मी समजत होतो की मी मठ्ठ आहे, हा विषय आपल्या डोक्यात जाणारा नाही. वही म्हणाली, तू मठ्ठ आहेस की नाही ते नंतर बघू, आधी बस तरी. मोहल्ल्यातल्या किती मुला-मुलींना आपण 'याला अभ्यासात गती नाही' म्हणून टाकतो. गती मोजायला आधी तास लागतात, आणि ते तास त्याला मिळाले का हे कुणी बघितलेलं नसतं.

मग बदल काय केला? फार थोडा, आठवड्याला एकच. पहिल्या आठवड्यात झोपायच्या खोलीतून फोन चार्जिंगला बाहेर ठेवला. दुसऱ्या आठवड्यात बसचे तीन तास बघितले. उभ्यानं प्रवास असला की वाचन होत नाही. म्हणून मी अर्धा तास आधी निघायला लागलो. त्या बसमध्ये जागा मिळायची, एक तास सलग वाचता यायचं, आणि रस्ताही मोकळा असल्यानं ऑफिसला वेळेआधी पोचायचो. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात पोचल्यावरची ती पंचेचाळीस मिनिटं रिकाम्या मीटिंग रूममध्ये प्रश्न सोडवायला वापरली. दोन महिन्यांत आठवड्याचे अकरा-बारा तास व्हायला लागले. रोज दोन तास मी आजही म्हणत नाही. अकरा-बारा म्हणतो, कारण ते मोजलेले आहेत. त्यानंतर दहा महिन्यांनी मला डेव्हलपरची नोकरी मिळाली.

आता काही जण म्हणतील, हे सगळं कंपनीवाल्यांचं खूळ आहे, माणसाला मशीन करायचं. ऑफिसची टाइमशीट मीही भरतो. शुक्रवारी संध्याकाळी बसून सोमवारपासूनचे आठ-आठ तास ठोकून देतो. सगळेच देतात. ती दुसऱ्यासाठी लिहिलेली असते. मी सांगतोय ती वही स्वतःसाठी आहे, ती कुणालाही दाखवायची नाही.

अशी नोंद फार जुनी आहे. अलेक्सांद्र ल्युबिश्चेव्ह नावाचे रशियन कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९१६ साली रोजच्या वेळेची नोंद सुरू केली आणि १९७२ साली वारले तोपर्यंत ती ठेवली. छप्पन्न वर्षं. त्यात दोन महायुद्धं आणि क्रांती येऊन गेली. ते फक्त निव्वळ वेळ धरायचे, विश्रांती वजा करायचे, महिन्याची आणि वर्षाची बेरीज मांडायचे. त्यांच्यावर दानिल ग्रानिन या लेखकानं १९७४ साली पुस्तक लिहिलं.

आणि आपल्या परंपरेत तर वेळ मोजणं हा मशिदीतला एक हुद्दा होता. त्याला मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हे मुवक्कित होते. ते मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी त्या मशिदीसाठी भलं मोठं सूर्यघड्याळ बनवलं. हे सांगून छाती फुगवायची नाही, आपण ते बनवलेलं नाही. मुद्दा एवढाच की वेळ काटेकोर मोजणं आपल्याला परकं नाही. आपल्या घरात भिंतीवर नमाजच्या वेळांचं कॅलेंडर असतं. रमजानमध्ये इफ्तारचं मिनिट सगळ्या घराला पाठ असतं. उरलेल्या दिवसाचा मात्र पत्ता नसतो.

याचा एक व्यावहारिक उपयोग सांगतो. नोंद रात्री एकदम लिहायची नाही, रात्री तो प्रेमळ मुनीम जागा होतो. काम बदललं की लगेच लिहायचं. ते विसरायला होतं, म्हणून थांबे ठरवायचे. जे नमाज पढतात त्यांच्या दिवसाला पाच थांबे आयतेच आहेत. तिथे मागच्या तुकड्याच्या दोन ओळी लिहून टाका. जे पढत नाहीत त्यांनी चहा, जेवण, बस असे थांबे धरा. फक्त एक लक्षात ठेवा, मगरिब सूर्याबरोबर सरकते. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला ती सहाच्या सुमारास असते, जूनअखेर सव्वासातच्या आसपास. 'मगरिबनंतर अभ्यास' असं ठरवणाऱ्याचा हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातला दिवस वेगळा असतो. हिवाळ्यात मी मगरिबला ऑफिसातच असायचो.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून तुम्हाला वाटेल, हा माणूस शहाणा झाला. आता मी शहाणा नव्हतो ती गोष्ट सांगतो. ही सांगायला मी माझ्या बहिणीची परवानगी घेतली आहे. तिची अट एकच होती, "चहाचं नक्की सांग."

२०२० साली लॉकडाऊन लागला आणि मी मिरजेला घरी आलो. समोरच्या खोलीत टेबल टाकलं आणि तिथून काम सुरू केलं. माझी धाकटी बहीण तेव्हा बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची तयारी करत होती. बी.कॉम. झालेली, आकड्यात माझ्यापेक्षा हुशार. त्या वेळच्या पूर्वपरीक्षेत ती पावणेदोन गुणांनी राहिली. घरात सगळे गप्प. मी मोठा भाऊ, त्यात वहीवाला. तिला बसवून भाषण दिलं. "तुझा वेळ कुठे जातो हे तुला माहीत नाही. सात दिवस वही लिही." ती म्हणाली, "लिहिते. पण तू वाचशील ना पूर्ण?"

सात दिवसांनी तिनं वही माझ्यासमोर ठेवली. मी इंजिनिअर, लगेच बेरीज करायला घेतली. अभ्यास ११ तास ५ मिनिटं. मला वाटलं, वाईट नाही, माझ्या पहिल्या आठवड्यापेक्षा अडीचपट. मग नोंदी मोजल्या. ते अकरा तास ४१ तुकड्यांत होते. सरासरी सोळा मिनिटांचा एक तुकडा. सगळ्यात मोठा सलग तुकडा पस्तीस मिनिटांचा, तोही पहाटे साडेचारचा.

मग मी व्यत्ययाचा रकाना वाचला. 'भाईचा चहा.' 'भाईची मीटिंग, अब्बांना टीव्ही बारीक करायला सांगितलं.' 'भाईचा चहा.' 'पाहुणे, भाई कामात, मी बसले.' 'भाईला चार्जर.' 'भाईचं जेवण ताटात, फोन चालू, पुन्हा गरम केलं.' त्या एका आठवड्यात तिच्या वहीत माझा उल्लेख १९ वेळा होता. माझ्या वहीत त्याच आठवड्यात तिचा उल्लेख एकदाही नव्हता.

तिची ती परीक्षा सलग एक तासाची असते, शंभर प्रश्न. जिला वर्षभरात घरी सलग एक तास बसायला मिळालं नाही, ती परीक्षेत तासभर लक्ष एकवटून कशी बसणार? पावणेदोन गुण कुठे गेले, ते मला वहीत दिसलं. त्यातले निदान काही मी चहाबरोबर प्यायलो होतो.

तिच्या वहीतलं घरकाम दिवसाला सरासरी ३१० मिनिटं होतं. माझं २५. मी स्वतःची समजूत काढायचा प्रयत्न केला की आमच्याच घरात असं असेल. मग सरकारचा आकडा वाचला. आपल्या देशानं २०१९ साली पहिल्यांदा देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. पद्धत आपल्या वहीचीच आहे, पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. लक्षात घ्या, हे काम करणाऱ्या पुरुषांचे आकडे आहेत, माझ्यासारखे बसून चहा मागणारे त्यात धरलेले नाहीत. २०२४ साली पुन्हा सर्वेक्षण झालं. बायका २८९, पुरुष ८८. पहिल्या वेळी फरक २०२ मिनिटांचा, दुसऱ्या वेळी २०१ मिनिटांचा. पाच वर्षांत एक मिनिट. म्हणजे हा प्रश्न फक्त आमच्या घराचा किंवा आपल्या समाजाचा नाही, तो देशाचा आहे. पण देशाचा आहे म्हणून आपल्या घरातला सुटत नाही.

त्या रात्री आम्ही चौघं बसलो. ठरलं असं की संध्याकाळी सहा ते साडेआठ तिच्या खोलीचं दार बंद. त्या वेळेतला चहा, कणीक, भांडी, दारावरची बेल, सगळं माझ्याकडे. अम्मीला ते पटलं नाही. "मुलगा भांडी घासतोय, शेजारी काय म्हणतील?" असं चार दिवस चाललं. अब्बा काहीच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ते दुकानातून आले आणि मी काही बोलायच्या आत स्वतः चहाचं आधण ठेवलं. आमच्या घरात अब्बांनी केलेला तो पहिला चहा. साखर जरा जास्त झाली होती, सगळ्यांनी गप्प बसून प्यायला.

मला भीती होती की माझा वेळ जाईल. मी माझी वही तपासली. अभ्यासाचा वेळ कमी झाला नव्हता. कमी झाला होता तो फोनचा. भांडी घासताना हात ओले असतात.

पुढच्या वर्षी ती पूर्वपरीक्षा पास झाली, मुख्य परीक्षेत राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी लागली. आज ती एका बँकेच्या शाखेत काउंटरवर बसते. वहीमुळे लागली असं मी म्हणणार नाही, ती तिच्या कष्टानं लागली. वहीनं एवढंच केलं की अडथळ्याचं नाव लिहून दाखवलं, आणि ते नाव माझं निघालं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. रोज वेळेची नोंद ठेवा, पण ती फक्त स्वतःला शिस्त लावायला ठेवू नका. आपला वेळ कुणाच्या वेळातून निघतोय, हेही त्यात बघा. तुम्हाला सकाळी दोन तास मोकळे मिळत असतील, तर डबा कोण करतंय? पोरं कोण सांभाळतंय? 'मी खूप फोकस्ड आहे' म्हणणाऱ्या माणसाच्या मागे बहुधा कुणीतरी असतं, ज्याच्या दिवसाचे सोळा-सोळा मिनिटांचे तुकडे झालेले असतात.

आता माझ्या चुका सांगतो, म्हणजे तुम्ही नवीन चुका कराल.

पहिली चूक, फार बारीक मोजणं. मध्ये मी मोबाइलवर एक ॲप घेतलं, चौदा प्रकार केले, रंगीत आलेख काढले. नोंद करण्यातच रोज चाळीस मिनिटं जायला लागली. आता सहाच प्रकार ठेवतो: झोप, पोटापाण्याचं काम, घर, माणसं, ध्येय आणि बाकीचं. पाच-दहा मिनिटांची चूक चालते.

दुसरी, तास मोजणं आणि काम न मोजणं. दोन तास व्हिडिओ चालू ठेवला आणि वहीत दोन तास लिहिले. आता ध्येयाच्या नोंदीपुढे एक शब्द लिहावा लागतो, काय निघालं? तीन प्रश्न सुटले, एक धडा संपला, पाच पानं लिहिली. काही निघालं नसेल तर तसं लिहितो. तेही खरं माप आहे.

तिसरी, खंड पडला की सोडून देणं. माझी वही एकदा तीन आठवडे बंद होती. ती पानं कोरी ठेवली आणि पुढे सुरू केलं. मागचं आठवून भरायचं नाही, ते पुन्हा पोट आत घेणं होतं.

चौथी चूक मोठी होती. माझ्या वहीत 'वाया' असा एक रकाना होता. अब्बांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर एका दिवशी नऊ तास बसलो होतो. रात्री सवयीनं वही काढली आणि ते नऊ तास 'वाया'मध्ये टाकले. लिहून झाल्यावर वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. ती ओळ खोडली आणि 'माणसं' हा रकाना तेव्हा केला. 'वाया' हा रकाना माझ्या वहीत परत कधी आला नाही. ध्येयाला न दिलेला प्रत्येक तास फुकट गेलेला नसतो. किती दिला आणि कुणाला दिला, एवढं माहीत असावं.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं विचारलं, "सर, माझ्या दिवसावर माझा ताबाच नाही. लिहून काय उपयोग?" प्रश्न खरा आहे. वही लिहिल्यानं तास वाढत नाहीत. पण "मला वेळ मिळत नाही" असं म्हटलं की घरचे म्हणतात, "लवकर उठत जा." "मला आठवड्यात ४१ वेळा उठावं लागलं आणि हे बघ लिहिलेलं" असं म्हटलं की त्यांना एवढ्या सहज उत्तर देता येत नाही. मलाही देता आलं नव्हतं. ऐकतीलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. निदान दोष आपला आहे असं समजून तुम्ही स्वतःला मठ्ठ म्हणणार नाही.

तर तुम्हाला घरचा अभ्यास. उद्यापासून सात दिवस. वीस रुपयांची वही चालेल. वरच्या पानावर एकच ध्येय लिहा, दोन नकोत, आणि त्याला रोज किती वेळ देता असं तुम्हाला आज वाटतं तो आकडा लिहा. मग सात दिवस काहीही न बदलता नोंद करा. आठव्या दिवशी वीस मिनिटं बसून बेरीज करा आणि पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. त्यानंतर एकच बदल ठरवा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक जादा काम आहे. त्या सात दिवसांत घरातल्या आईला, बहिणीला, भाभीला किंवा बायकोला विचारून तिच्याही एका दिवसाची नोंद करा. ती सांगेल तसं तुम्ही लिहा, तिला लिहायला लावू नका, तिला तेवढा वेळ नसेल. मग दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. वाचून झालं की चहा तुम्ही करा.